पळसदेवचं बेट आणि उणे टक्के

पुणे जिल्ह्यात एक बेट आहे असं सांगितलं की लोक आधी संशयाने बघतात आणि मग "रिसॉर्ट आहे का?" असं विचारतात. रिसॉर्ट नाही. मोबाईलला रेंजसुद्धा लहरीनेच येते. सोलापूर हायवेने भिगवणच्या पुढे आणि इंदापूरच्या अलीकडे पळसदेव नावाचं गाव लागतं. गावातून डावीकडे वळलं की उजनीचं पाणी लांबवर पसरलेलं दिसतं आणि त्या पाण्यात एका जुन्या देवळाचं शिखर. हेच ते बेट. धरण भरलेलं असेल तर ते जवळजवळ सगळंच पाण्याखाली असतं, पाणी उतरलं की आधी शिखर वर येतं, मग मंडप, मग आजूबाजूची जमीन. आणि फारच उतरलं तर बेट राहतच नाही, सरळ चालत जाता येतं. म्हणजे हे बेट तारीख बघून गाठावं लागतं. नकाशा दुय्यम.

मी दोनदा गेलो. पहिल्यांदा फेब्रुवारी २०२४ मध्ये, होडीतून. दुसऱ्यांदा त्याच वर्षी मे महिन्यात, बूट घालून. या दोन विकांतांच्या मधल्या काळात मी जे काही वाचलं ते इथे लिहून ठेवतोय, कारण फोटो सगळेच टाकतात.

आधी देऊळ. याचं नाव पळसनाथ. खालचं बांधकाम दगडी, वरचं शिखर विटा आणि चुन्याचं. होडी जवळ गेली की पहिल्यांदा लक्षात येतो तो रंग. शिखराच्या विटा उन्हात तांबूस दिसतात आणि खालच्या दगडावर पाण्याच्या वेगवेगळ्या पातळ्यांच्या आडव्या रेघा उमटलेल्या असतात, बादलीला आतून उमटतात तशा. चार दशकांहून जास्त काळ दर वर्षी भिजणं आणि वाळणं. बांधकामाशी थोडाफार संबंध आलेल्या कुणालाही विचारा, कायम पाण्यात राहिलेलं बांधकाम एक वेळ टिकतं, पण दर वर्षी ओलं-सुकं होणारं चुन्याचं काम फार सोसतं. तरीही ते उभं आहे.

देवळाच्या परिसरात वीरगळ आहेत आणि सतीशिळाही. वीरगळ पाहायची पद्धत माहीत नसेल तर सांगतो, कारण एकदा कळली की कुठल्याही गावात पाराशेजारी पडलेला दगड वाचता येतो. खालून वर वाचायचं. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर पडलेला किंवा लढताना, बऱ्याचदा सोबत गाई असतात (गावचं गोधन पळवायला आलेल्यांशी झुंज!). मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत. सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि कोपऱ्यात चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतोवर याचं नाव राहो. नाव मात्र बहुतेक दगडांवर लिहिलेलंच नसतं. सतीशिळेवर बांगड्या भरलेला, कोपरात वाकवलेला हात असतो.

आता मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट. पळसदेवला शके १०७९ चा, म्हणजे इसवी सन ११५७ चा शिलालेख आहे आणि शं. गो. तुळपुळे यांच्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) या ग्रंथात तो नोंदलेला आहे. तारखा जरा शेजारी शेजारी ठेवून बघा. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. त्याआधी सव्वाशेहून जास्त वर्षं भीमेच्या काठच्या या गावात कुणीतरी दगडावर अक्षरं कोरून घेत होतं. आपण मराठीचं अभिजातपण सिद्ध करायला अहवाल लिहितो आणि त्या अहवालाला लागणारं गाव धरणाच्या पोटात असतं. असो.

गाव पाण्यात गेलं तेव्हा पळसनाथ नव्या गावठाणात आला. नवं देऊळ बांधलं गेलं, पूजा-अर्चा तिकडे चालते. जुनं देऊळ होतं तिथेच राहिलं. हे वाचताना मला नागार्जुनकोंडा आठवलं. आंध्रात कृष्णेवर नागार्जुनसागर धरण व्हायचं ठरलं तेव्हा खोऱ्यातली बौद्ध स्तूप-विहारांची नगरी बुडणार हे माहीत होतं. १९५४ ते १९६० अशी सहा वर्षं तिथे मोठं उत्खनन झालं आणि महत्त्वाचे अवशेष उचलून टेकडीच्या माथ्यावर नेले. आज ती टेकडी म्हणजे तलावातलं बेट आहे आणि वर संग्रहालय. इजिप्तमध्ये अबू सिंबेलची देवळं १९६४ ते १९६८ मध्ये कापून, उचलून, वरच्या बाजूला पुन्हा जोडली, युनेस्कोने जगभरातून पैसे गोळा केले होते. पळसनाथाच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. तुलना अन्यायाची आहे, मान्य. पण दगडी-विटांचं एक देऊळ आणि काही वीरगळ हलवणं हे अबू सिंबेलइतकं अवघड काम नव्हतं, हेही तितकंच खरं.

बरं, देवळापुरतं बोलून हा विषय संपत नाही. देवळाभोवती गाव होतं आणि गावाभोवती शेती, आणि ही शेती साधीसुधी नव्हती. इंदापूर तालुक्याच्या शेतीचा इतिहासात एक वेगळाच मान आहे, जो आपल्यापैकी प्रत्येकाच्या फ्लॅटच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये येतो. 'सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक' असं जे लिहिलेलं असतं ना, ती पद्धत मुंबई इलाख्यात पहिल्यांदा राबवली ती इंदापूर तालुक्यात.

गोष्ट अशी. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली आणि इंग्रजांना प्रश्न पडला, सारा किती घ्यायचा? पुण्याला रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाचा अधिकारी होता. हा इंग्लंडातल्या हेलीबरी कॉलेजचा विद्यार्थी, जिथे लोकसंख्यावाला माल्थस शिकवत असे. डोक्यात रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत. त्याने १८२० च्या दशकात पुणे जिल्ह्याची मोजणी सुरू केली आणि सूत्र ठरवलं की उत्पन्नातून खर्च वजा जाता जे निव्वळ उरतं त्याचे ५५ टक्के सरकारचे. कागदावर सूत्र देखणं होतं. फक्त 'निव्वळ उत्पन्न' काढायला लागणारा डेटा शेतात जाऊन गोळा करणारे लोक म्हणजे कनिष्ठ कारकून, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला कुणी नाही. नोंदी चुकीच्या, लाच घेऊन फिरवलेल्या, आणि त्यावर अत्यंत काटेकोर गणित. (कुठल्याही डेटा टीममध्ये काम केलेल्यांना पुढचं सांगायला नको :) ) दर फार चढे लागले. त्यात धान्याचे भाव पडले. इंदापुरात रयतेने जमिनी टाकल्या, गावंच्या गावं ओस पडली, लोक शेजारच्या संस्थानांत निघून गेले.

मग १८३५ मध्ये दोन तरुण अधिकारी इंदापूरला पाठवले गेले, एच. ई. गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट जॉर्ज विंगेट. विंगेट लष्कराच्या इंजिनिअर दलातला, तेव्हा विशीतला. यांनी सिद्धांत बाजूला ठेवला. शेत हे एकक धरलं, त्याची हद्द ठरवली, त्याला नंबर दिला. मग प्रतबंदी. माती काळी, तांबडी की बरड, आणि किती खोल? खोली हातात मोजायची. पावणेदोन हात खोल काळी म्हणजे सोळा आणे, आणि तिथून उतरत उतरत दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती. मग दोष बघायचे. चुनखडी आहे का, वाळू आहे का, उतार आहे का. प्रत्येक दोषाला नकाशावर एक खूण आणि प्रत्येक खुणेला प्रत एक पायरी खाली. सारा तीस वर्षांसाठी कायम, मध्ये वाढ नाही. १८३६-३७ पासून इंदापुरात हे दर लागू झाले, ओसाड जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या आणि १८४७ च्या 'जॉइंट रिपोर्ट'नंतर हीच पद्धत सगळ्या इलाख्यात गेली.

त्या दोषांच्या यादीतला एक दोष वाचून मी थांबलो. त्याची खूण म्हणजे साधी आडवी रेघ, आणि अर्थ 'वाहत्या पाण्याखाली जाण्याचा संभव'. नदीकाठच्या शेताला पुरात पाणी लागत असेल तर ही रेघ मारायची आणि सारा थोडा कमी करायचा.

विंगेटची गोष्ट इथे संपवली तर ती फारच गोड होईल. तीस वर्षं झाली, १८६७ मध्ये इंदापुरात फेरमोजणी आली. मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१ ते १८६५) होऊन गेलं होतं, तिथला कापूस बंद झाल्याने इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, रेल्वे आली होती, सगळे भाव तेजीत. त्या तेजीच्या हिशोबाने सारा भरपूर वाढवला. आणि मग भाव कोसळले. शेतकरी सारा भरायला सावकाराकडे, सावकार कर्जखतावर अंगठा घेऊन जमिनीकडे. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं काढून जाळली. सुपे म्हणजे आजच्या बारामती तालुक्यातलं. 'दख्खनचे दंगे' म्हणून इतिहासाच्या पुस्तकात जे दोन ओळीत उरकतात ते इथून सुरू झालं आणि पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदावर होता, ही गोष्ट नेमलेल्या चौकशी आयोगाच्याही लक्षात आली. १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा त्यातूनच आला.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १८७६-७७ ला, दुष्काळ. आणि दुष्काळानंतर सरकारला पाणी आठवलं. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला, त्याला पाणी पुरवणारं भाटघरचं जुनं धरण १८९२ मध्ये पुरं झालं. हा कालवा पुरंदरातून बारामतीत आणि तिथून इंदापुरात येतो. बारामती आज जी दिसते त्यातलं बरंचसं या कालव्यापासून सुरू होतं. ऊस, गूळ, मग कारखाने, मग सगळंच. लोक बारामतीच्या प्रगतीचं श्रेय किंवा खापर एका आडनावावर फोडतात, तो आपला राष्ट्रीय छंद आहे, पण त्या आडनावाच्या कितीतरी आधी तिथे पाणी पोचलेलं होतं. इंदापूर मात्र कालव्याच्या शेपटाला. कालव्यावर शेवटच्या टोकाला असणं म्हणजे काय हे शहरात पाचव्या मजल्यावर, टँकरच्या सोसायटीत राहिलेल्याला लगेच कळेल. पाळी आली तरी पाणी येईलच असं नाही. वालचंदनगरच्या भागात ऊस फुलला, पण तालुक्याच्या उत्तरेला, भीमेच्या अंगाला, लोकांचा भरवसा नदीवर आणि त्या नदीकाठच्या खोल काळ्या मातीवरच होता.

आणि १९६९ मध्ये त्याच नदीवर धरण सुरू झालं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात उजनीला. भिंत खाली, पाणी मागे साचणार इंदापूर, करमाळा, दौंडच्या बाजूला. १९८० मध्ये धरण पूर्ण झालं, जलाशयाला यशवंतसागर नाव दिलं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा १९७६ चा. म्हणजे काम आधी सुरू झालं, कायदा नंतर आला. धरण कुठलंही असो, ते खोऱ्याचा तळ व्यापतं, आणि सोळा आणे प्रतीची माती तळालाच असते. विंगेटची ती आडवी रेघ आता अख्ख्या पट्ट्यावर मारावी लागली असती.

सोलापूर जिल्ह्याला या पाण्याची किती गरज होती ते तिथला कुणीही सांगेल, त्यामुळे 'धरण नकोच होतं' असं एसी खोलीत बसून म्हणणं मला जमत नाही. पण उजनीचा हिशोब कसा चालतो ते समजून घेण्यासारखं आहे, कारण आपलं बेट त्या हिशोबावर चालतं.

उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली चारही धरणं मिळून २९ टीएमसीच्या आसपास, म्हणजे उजनी त्यांच्या चौपट. (एक टीएमसी म्हणजे साधारण २८३१ कोटी लिटर.) पण या ११७ पैकी उपयुक्त साठा फक्त साडेत्रेपन्न. उरलेलं, ६३ टीएमसीहून जास्त, मृतसाठा. मृत म्हणजे कालव्याच्या तोंडाच्या खालचं पाणी. पेपरात 'उजनी शून्य टक्के' अशी बातमी येते तेव्हा धरणात अजून ६३ टीएमसी पाणी असतं. ते मग नदीतून खाली सोडतात, सोलापूर शहराला प्यायला लागतं, काठावरचे पंप ओढतात, ऊन ओढतं. आणि टक्केवारी शून्याच्या खाली जाते. उणे दहा, उणे तीस. आपल्या क्षेत्रात इंडेक्स शून्यापासून की एकपासून यावर मारामाऱ्या होतात, इथे अख्खा जिल्हा उणे आकड्यांवर उन्हाळा काढतो. २०१९ आणि २०२४ या दोन्ही उन्हाळ्यांत उजनी उणे पन्नासच्याही खाली गेली होती.

आणखी एक आकडा. पूर्ण भरलेल्या धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर, मृतसाठ्याची ४९१.०३. फरक सहा मीटरही नाही. दुमजली घराएवढ्या उंचीत साडेत्रेपन्न टीएमसी पाणी मावतं, कारण ते उथळ आणि अफाट पसरलेलं आहे. म्हणूनच पातळी थोडी खाली आली की काठ चिक्कार आत सरकतो. म्हणूनच पळसनाथ दिसतो, आणि म्हणूनच तिथे पक्षी येतात.

२०२३ चा पावसाळा वाईट गेला होता, धरण भरलंच नाही आणि जानेवारी २०२४ मध्येच टक्केवारी शून्याला टेकली. त्यामुळे फेब्रुवारीत आम्हाला होडीतून शिखराभोवती फिरता आलं आणि मे महिन्यात गेलो तेव्हा देवळाचा पाया उघडा होता. गाळ वाळून त्याला वीतभर रुंद भेगा पडलेल्या. शंख-शिंपल्यांचा खच. लोक मोटारसायकली थेट देवळापर्यंत आणत होते, सेल्फी चालू होते, एक जण भेळेची गाडी घेऊन आला होता. घरांची जोती ओळीने दिसत होती, मधून गल्ली गेलेली स्पष्ट कळत होती. एके ठिकाणी अर्धं तुटलेलं जातं पडलं होतं.

तिथे पांढरा सदरा-टोपीतले एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. मी नुसता शेजारी उभा होतो तर तेच बोलायला लागले.

"कुठलं म्हणायचं तुम्ही?"

"पुण्याचा, आजोबा. देऊळ बघायला आलोय."

"देऊळ बघा की. ह्यो आमचा वाडा बघा." त्यांनी काठीने जोत्याचा कोपरा दाखवला. "हितनं आत आलं की सोपा. पलीकडं गोठा. ती चिंच व्हती, तिचा बुंधा मागल्या बारीला दिसला हुता. आता गेला जणू."

नातू पाचवी-सहावीतला. त्याने विचारलं, "आजोबा, आपलं रान कुठंय?" आजोबांनी लांब पाण्याकडे हात केला आणि सर्व्हे नंबर सांगितला. सहज, आपण पिनकोड सांगतो तसा. किती एकर, बांध कुणाकुणाचे, विहिरीत कुणाचा किती हिस्सा, सगळं. ती जमीन आता कुठल्याच नकाशावर शेत म्हणून नाही, मे महिन्याच्या उणे पातळीतही ती उघडी पडली नव्हती. मी त्यांना विंगेटबद्दल काहीतरी सांगायला गेलो, पण ते गाळपेरीबद्दल बोलायला लागले होते. पाणी हटलं की मोकळ्या झालेल्या गाळात लोक पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. गाळ सुपीक, मेहनत कमी. आणि पाणी केव्हा परत येईल ते धरणवाल्यांच्या हातात. "आमच्याच रानात आमी भाड्यानं," असं म्हणून ते हसले. नातवाला तोवर देवळाच्या खांबावर कुणीतरी खडूने लिहिलेलं स्वतःच्या नावासारखं नाव सापडलं होतं, त्याचं लक्ष तिकडे.

विश्वास पाटलांच्या 'झाडाझडती'ला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणग्रस्तांवरची ही कादंबरी मी कॉलेजात वाचली होती आणि विषय संपला असं समजून कपाटात ठेवली होती. परत आल्यावर काढली.

आता पक्षी. उजनीच्या काठचं कुंभारगाव, डिकसळ, भिगवण हा परिसर फ्लेमिंगोंसाठी प्रसिद्ध आहे, मराठीत रोहित. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत थव्याने असतात. सोबत चित्रबलाक, चमचे, सुरय, आणि हिमालयावरून उडत येणारे पट्टेरी डोक्याचे हंस. सकाळी सातच्या आत होडीत बसलात तर समोरचं दृश्य असं असतं की बोलणं आपोआप थांबतं. उथळ पाण्यात शेकडो लांब पाय, मान उलटी करून चोच पाण्यात, आणि मध्येच थवा उठला की पंखांखालचा गुलाबी-काळा रंग एकदम उघडा होतो. होडीवाले काका भोई समाजातले. इंजिन लांबूनच बंद करून वल्ह्याने पुढे नेत होते, पुढच्या होडीतल्या एकाने थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवल्या तर त्याला त्यांनी असं काही झापलं की आम्ही दोघंही सरळ बसलो.

पण हा जलाशय जितका सुंदर तितकाच आपल्या जबाबदारीचा आहे, आणि 'आपल्या' म्हणजे अगदी नेमकं पुणे आणि पिंपरी-चिंचवड. मुळा-मुठा शहरातून बाहेर पडते आणि रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. भीमा उजनीत येते. शहरातल्या ज्या सांडपाण्यावर प्रक्रिया होत नाही ते सगळं इथे येऊन थांबतं. सांडपाण्यातून येणाऱ्या नत्र-स्फुरदावर शेवाळं वाढतं. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार दिसतं ते त्यामुळे. काका म्हणाले, पूर्वी मरळ, कटला भरपूर लागायचा, आता जाळ्यात बहुतेक चिलापीच. चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेतली, घाणेरड्या पाण्यातही तग धरणारी. भिगवणच्या ढाब्यावर आपण बोटं चाटत जी मासळी खातो ती वाढते ते पाणी कोथरूड-हिंजवडीहून आलेलं असतं. ही माहिती जेवणाआधी मित्राला सांगितली, तो आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही.

जलाशयाने अजून एक गोष्ट केली, ती म्हणजे रस्ते तोडले. पूर्वी भीमा ओलांडून इंदापूरहून करमाळ्याकडे जाणं ही नदी ओलांडण्याइतकी गोष्ट होती. जीआयपी रेल्वे डिसेंबर १८५८ मध्ये पुण्याहून डिकसळपर्यंत आली आणि ऑक्टोबर १८५९ मध्ये पुढे बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डूवाडीपर्यंत गेली. मधले दहा महिने डिकसळ हे टोकाचं स्टेशन होतं. आज हे खरं वाटत नाही. धरणामुळे रेल्वेमार्ग वळवला आणि भीमेवरचा तो इंग्रजी दगडी पूल रस्त्याला आला. रेल्वेसाठी बांधलेल्या त्या पुलावरून पुढे उसाच्या गाड्या गेल्या. २०२३ मध्ये त्याचा काही भाग ढासळला. बाकी ठिकाणी काय? होड्या. पलीकडचं गाव डोळ्यांनी दिसतं, पण रस्त्याने जायचं तर केवढा तरी वळसा, मग माणसं, मोटारसायकली, शाळेची पोरं, सगळं होडीतून. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यांत लहान मुलं होती. आम्ही देवळापाशी गाळावर फिरून आलो त्यानंतर फार दिवस झाले नव्हते. एकीकडे पाणी इतकं आटलेलं की बातमी व्हावी, आणि त्याच पाण्यात अशी दुर्घटना. त्यानंतर शिरसोडी-कुगाव पुलाचा विषय पुढे सरकला.

जायचं असेल तर थोडं व्यवहाराचं. पक्ष्यांसाठी डिसेंबर ते मार्च, पहाटे. देवळासाठी तारीख सांगता येत नाही, पेपरातली उजनीची टक्केवारी बघायची. शून्याच्या आसपास असेल तर होडी लागेल, लाइफ जॅकेट मागून घ्या, नसेल तर बसू नका, वारा सुटला असेल तर काठावरच थांबा. टक्केवारी खोल उण्यात असेल तर चालत जाता येईल, पण गाळ वरून वाळलेला आणि आतून ओला असतो, लोक गेलेल्या वाटेनेच जा. वीरगळांवर बसू नका, विटा उचलून आणू नका. आणि तिथे कुणी म्हातारं माणूस एकटं उभं दिसलं तर फोटो काढण्याआधी विचारा, बहुतेक वेळा ते त्यांच्याच घरात उभे असतात.

मे-जून २०२४ मध्ये उणे पन्नासच्या खाली गेलेली उजनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भरली. आम्ही ज्या जोत्यावर उभे होतो ते आणि त्याच्यावरचं बरंच काही पुन्हा पाण्याखाली गेलं. काठावरच्या ज्यांनी गाळात उशिरा पेरलं होतं त्यांचं पीक त्यात गेलं, आणि खाली सोलापूरकडे कालव्याला पाणी सुटलं.